न्यायाधीश निवडून द्यावेत म्हणणाऱ्यांसाठी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

न्यायमूर्तींच्या नेमणुकांवरून वाद पेटला की वाचकांच्या पत्रांत एक सूर हमखास उमटतो: कॉलेजियम (न्यायमूर्ती निवडणारे ज्येष्ठ न्यायमूर्तींचे मंडळ) नको, सरकारही नको, अमेरिकेसारखे न्यायाधीश लोकांनीच निवडून द्यावेत. मी मूळचा साताऱ्याचा. आता नॉर्थ कॅरोलिनातल्या केरी गावात राहतो, इथला नागरिक आहे आणि न्यायाधीशांसाठी मत देतो. म्हणून हे पत्र.

वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाचे आणि इतर फेडरल, म्हणजे केंद्राच्या, न्यायालयांचे न्यायाधीश इथेही कोणी निवडून देत नाही. त्यांना राष्ट्राध्यक्ष नेमतात आणि सिनेट मान्यता देते. निवडणूक होते ती राज्यांच्या न्यायालयांसाठी, तीही सगळ्या राज्यांत नाही. आमच्याकडे मात्र जिल्हा न्यायालयापासून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातल्या सात न्यायमूर्तींपर्यंत जवळजवळ सगळ्यांना निवडणूक लढवावी लागते.

मतदान कागदावर होते. पेनाने नावाशेजारचा लंबगोल भरायचा आणि कागद यंत्रात सरकवायचा. वर राष्ट्राध्यक्ष, गव्हर्नर (इथे राज्याचा निवडून आलेला प्रमुख). मग खाली खाली जावे तशी न्यायाधीशांची नावे. रांगेत उभे असताना एका शेजाऱ्याने मला विचारले, "या जजमधला बरा कोण?" मला सांगता आले नाही. नावाखाली पक्ष लिहिलेला असतो. मधली काही वर्षे सर्वोच्च न्यायालयासाठी तो नसायचा, 2016 च्या कायद्याने परत आला. बहुतेक जण पक्ष बघतात आणि लंबगोल भरतात. उमेदवाराने खटले कसे चालवले, पक्षकाराशी तो कसा बोलतो, हे त्या कागदावर कुठेच नसते.

ॲलिसन रिग्ज यांचेच बघा. इथल्याच डरहॅम शहरातल्या एका संस्थेत त्या 2009 पासून वकिली करत, विषय मतदानाचा हक्क. सत्ताधारी पक्ष मतदारसंघ आपल्या सोयीने आखतो, त्याविरुद्ध लढत त्या 2019 च्या रुचो खटल्यात वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात उभ्या राहिल्या. पाच विरुद्ध चार मतांनी हरल्या, पण तिथवर पोचणारे वकील थोडेच. 2023 च्या जानेवारीत त्या राज्याच्या अपील न्यायालयावर आल्या आणि सप्टेंबरात गव्हर्नर रॉय कूपर यांनी त्यांना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर नेमले. ती जागा टिकवायची तर 2024 ला लोकांपुढे जाणे भाग होते. त्या डेमोक्रॅट, समोर रिपब्लिकन उमेदवार, अपील न्यायालयाचे न्यायाधीश जेफरसन ग्रिफिन.

5 नोव्हेंबरच्या रात्री ग्रिफिन सुमारे दहा हजार मतांनी पुढे होते. उरलेली टपाली मते मोजत गेले तशी आघाडी विरघळली आणि 55 लाखांवर मतांत रिग्ज 734 मतांनी पुढे गेल्या. फेरमोजणी झाली, एकदा यंत्राने, एकदा काही केंद्रांची हाताने. निकाल बदलला नाही. मग ग्रिफिन यांनी 60 हजारांहून जास्त मतदारांच्या मतांवर हरकत घेतली. बहुतेकांबद्दल तक्रार एवढीच, की नोंदणीच्या दफ्तरात लायसन्सचा किंवा सोशल सिक्युरिटीचा (आपल्या आधारसारखा) क्रमांक दिसत नाही. कित्येकांनी तो दिलेला होता, पण दोन दफ्तरांतली नावे जुळली नाहीत म्हणून तो गळाला होता. रिग्ज यांचे आईवडीलही त्या यादीत होते.

जेवणे आटोपल्यावर मी आणि पत्नी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप उघडून यादीत आमची नावे शोधत बसलो. मराठी घरात ही धास्ती लगेच कळते. माहेरचे नाव एका कागदावर, सासरचे दुसऱ्यावर. नवऱ्याचे नाव कुठे मधले म्हणून आलेले, कुठे गायब. आडनावाचे स्पेलिंग दोन ठिकाणी दोन. आमची नावे नव्हती. पत्नीने लॅपटॉप मिटला आणि म्हणाली, "आपली नाहीत, पण कुणाची तरी आहेतच ना."

राज्याच्या निवडणूक मंडळाने हरकती फेटाळल्या, मग प्रकरण कोर्टात गेले. पण कुठल्या कोर्टात? ज्या अपील न्यायालयात ग्रिफिन बसतात आणि ज्या सर्वोच्च न्यायालयात रिग्ज बसतात, तिथेच. दोघेही सुनावणीपासून बाजूला राहिले, पण निर्णय द्यायचा होता त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि त्या खुर्च्यांवर टिकायलाही पक्षाचे नाव लावूनच मते मागावी लागतात. एप्रिलमध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी ग्रिफिन यांची बाजू उचलली. आठवडाभरात सर्वोच्च न्यायालयाने 60 हजारांची मते वाचवली, पण परदेशातून मत दिलेल्या हजारोंची, त्यात सैनिकही आले, टांगणीलाच ठेवली. न्यायमूर्ती रिचर्ड डीट्झ रिपब्लिकन असूनही त्यांनी या निर्णयाविरुद्ध वेगळे मत नोंदवले, हे मुद्दाम लिहितो. मतदान होऊन गेल्यावर नियम बदलण्याला शेवटी 5 मे 2025 ला आडकाठी केली ती फेडरल न्यायाधीश रिचर्ड मायर्स यांनी. ते निवडून आलेले नाहीत. ट्रम्प यांनी तहहयात नेमलेले आहेत. दोन दिवसांनी ग्रिफिन यांनी हार मानली.

सहा महिने चाललेल्या या भांडणात ज्याला कुणाच्या मताची गरज नव्हती, त्या न्यायाधीशाच्या निकालाने मतदारांची मते वाचली. लोकनियुक्त न्यायाधीश मागणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे.

पैशाचेही सांगतो. माझे मामा साताऱ्याच्या कोर्टात वकिली करत आणि पुढे न्यायाधीश झाले. त्या दिवसापासून जुन्या अशिलांच्या लग्नाला जाणे त्यांनी सोडले. पत्रिका आली की मामी आहेर पाठवून द्यायची, मामा घरीच थांबायचे. इथे न्यायाधीश व्हायचे तर देणग्या लागतात आणि देणाऱ्यांत वकीलही असतात. फ्लोरिडात टॅम्पाकडच्या लॅनेल विल्यम्स-यूली या वकिलांनी 2009 मध्ये स्थानिक (काउंटी) न्यायालयाच्या न्यायाधीशपदासाठी उभे राहताना आपल्या सहीने देणगी मागणारे पत्र काढले. त्या हरल्याच, वर बार असोसिएशनने कारवाई केली. उमेदवाराने स्वतः पैसे मागू नयेत हा फ्लोरिडाचा नियम वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी उचलून धरला. उमेदवाराच्या समितीने मागितलेले चालतात. आमच्या राज्यात 2004 पासून वरच्या न्यायालयांच्या उमेदवारांना सरकारी निधी मिळत असे, तो 2013 मध्ये बंद केला. 2025 मध्ये विस्कॉन्सिनात न्यायमूर्तीच्या एका जागेसाठी सगळ्या बाजूंनी मिळून 10 कोटी डॉलरच्या आसपास खर्च झाला.

कॉलेजियमचे दार बंद असते, ही तक्रार रास्त आहे. कोणाला का घेतले, कोणाला का डावलले, हे कारणांसकट जाहीर करायला लावा. त्यासाठी कितीही पत्रे लिहा, मीही लिहीन. त्या दारासमोर मतपेटी मात्र ठेवू नका.

2026 च्या नोव्हेंबरात इथे न्यायमूर्ती ॲनिटा अर्ल्स यांची जागा निवडणुकीला आहे. रिग्ज ज्या संस्थेत वकिली करत, ती अर्ल्स यांनीच उभी केलेली. या वेळी त्यांची निकालपत्रे आणि प्रतिस्पर्ध्याची कारकीर्द दोन्ही मी वाचायला घेतली आहेत. रांगेत भेटलेल्या त्या शेजाऱ्याला मतदानाआधी फोन करणार आहे.

आपला,
एक वाचक, केरी, नॉर्थ कॅरोलिना