आजीचं लुगडं

कुडाळ
अनंत चतुर्दशी

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तुतारी एक्सप्रेसमध्ये बसायला जागा मिळाली का, एवढंच विचारायला बसलो होतो. मघाशी कपाट उघडलं तर आजीचं हिरवं लुगडं दिसलं नाही. प्रयोगाला नेलंस म्हणे. नेल्याचा राग नाही गो. पण त्याचा वास घेऊन तू रोज आजीचं मरण आठवतेस आणि मूल गेलेल्या आईचा प्रवेश करतेस, हे मला झेपत नाही.

वास, उजेड, हाताला लागलेलं पांघरूण असं एकेक आठवत गेलं की भावना आपोआप येते. अमेरिकेतले अभिनयशिक्षक ली स्ट्रासबर्ग यांच्या पद्धतीचं मर्म तेच. पण तेसुद्धा सांगत, आठवण निदान सात वर्षं जुनी हवी. आजीला जाऊन दोन वर्षंही झाली नाहीत. ही पद्धत ज्यांच्यापासून निघाली त्या रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्कींनीही पुढे भर दिला तो क्रियेवर. १९३४ साली अमेरिकन अभिनेत्री स्टेला अ‍ॅडलर त्यांना पॅरिसला भेटून परतल्या, त्याही कल्पना आणि नाटकातल्या परिस्थितीवर विसंबा, हेच सांगत. मुलाचं दप्तर आवरणं, त्याचा डबा उघडणं, एवढं मन लावून केलंस की पुरे.

शरीराला नाटक कळत नाही. हुंदका खरा निघाला की श्वास तुटतो, छाती धडधडते, खांदे आवळतात, आणि पडदा पडला म्हणून लगेच काही उतरत नाही. म्हणून तू पहाटे तीनपर्यंत जागी असतेस. शिवाय रोज तीच आठवण उगाळली की ती बोथट होते, मग रडू येण्यासाठी आणखी खोल ओरबाडावं लागतं. आजीच्या आठवणीचं असं व्हायला नको.

पुन्हा शिकवायला लागलो. माफ कर. गणपतीत तू तो प्रवेश करून दाखवलास तेव्हा आरतीला जमलेली माणसं टाळ हातात धरून गप्प बसली होती. दाराआड उभा राहून मी ते सगळं पाहिलं.

आबा दशावतारातून आले की खोबरेल लावून कानामागचा, भुवयांतला रंग पुरता निघेपर्यंत कुणाशी बोलत नसत. मग पेज. रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा! तू लहानपणी त्यांना फडकं नेऊन द्यायचीस, आठवतं? बाहेर येण्याची त्यांची वाट ठरलेली होती, तशी तुझीही हवी.

विंगेत आलीस की कपडे स्वतः घडी घालून दुसऱ्याच्या हाती दे. पाय खांद्याएवढे फाकवून उभी राहा. नाकाने सावकाश श्वास घे, तोंडाने सोड, निदान तीनदा. तळवे चोळून चेहऱ्यावर फिरव, अंग झटक. मग स्वतःचं नाव, वार आणि आज काय जेवलीस ते मोठ्याने म्हण. लगेच फोन घेऊन बसू नकोस, आधी जेव. तालमीतही आत जायची आणि बाहेर यायची जागा जमिनीवर खडूने आखून घे.

एवढं करूनही दोन आठवडे झोप लागली नाही, किंवा त्या बाईची वाक्यं घरच्या भांडणात तोंडी यायला लागली, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. लाज कसली त्यात? रात्रीअपरात्री टेलि-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ नंबर आहे. आणि मी आहेच, कितीही वाजलेले असोत.

आईने आमसुलं आणि कुळथाचं पीठ बांधून ठेवलंय, शेजारचे शनिवारी दादरला निघालेत. लुगडं त्यांच्याच हाती परत दे. नाहीतर राहू दे तुझ्याकडे, पण उशाशी नको आणि रंगमंचावर तर नकोच. प्रयोगाला बाजारातलं एखादं घे, पैसे पाठवतो.

रात्री झोपतेस ना? खरं लिही.

तुझे बाबा