चारमाऊथच्या किनाऱ्यावरचे दगड

टिळकवाडी, बेळगाव
१० ऑगस्ट २०२४

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

एप्रिलमध्ये मुलीकडे इंग्लंडला गेलो असताना चारमाऊथच्या किनाऱ्यावर वेचलेल्या दगडांविषयी तू फोनवर विचारले होतेस. घरात पाहुणे असल्यामुळे तेव्हा नीट सांगता आले नाही, म्हणून आज सवडीने लिहितो.

तिथले करडे कडे म्हणजे सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळाचा चिखल. ते सतत ढासळतात आणि त्यांतील जीवाश्म लाटांनी धुऊन निघून गोट्यांमध्ये येऊन पडतात. कड्याखाली जायचे नाही, ओहोटी असतानाच फिरायचे आणि सुटे पडलेले तेवढेच उचलायचे, असे किनाऱ्यावरच्या माहिती केंद्रात बजावून सांगतात. तिथल्या बाईंनी माझी पिशवी ओतून घेऊन एकेक दगड पाहिला. मी हाड समजून जपलेला तंतुमय तुकडा निव्वळ कॅल्साइट, म्हणजे एक साधे खनिज, निघाला, आणि पाटीवरची पेन्सिल समजून टाकून देणार होतो तो तुकडा निघाला बेलेम्नाइट! त्याचे मोडके टोक त्यांनी भिंगाखाली धरायला लावले. मध्यापासून कडेपर्यंत सूर्यकिरणांसारख्या बारीक रेषा होत्या. माकुळाच्या जातीतल्या, आता नामशेष झालेल्या प्राण्याच्या शरीरातला तो कठीण भाग. ती खूण एकदा पाहिल्यावर पिशवीतले आणखी तीन मी स्वतःच ओळखले.

बेळगावला आल्यावर शेजारच्या काकूंनी ताटातला वेटोळ्याचा दगड पाहिला आणि त्या म्हणाल्या, "अहो, हा तर शाळिग्राम!" त्यांच्या देव्हाऱ्यातला शाळिग्राम आणून आम्ही दोन्ही शेजारी ठेवले, तर चक्राचे वळण आणि त्यावरच्या आडव्या कंगोऱ्यांची ठेवण अगदी एका घराण्यातली. माझा दगड म्हणजे अमोनाइट, वेटोळ्या शंखाच्या, आता नामशेष झालेल्या समुद्री प्राण्याचा जीवाश्म. गंडकीच्या खोऱ्यातले शाळिग्रामही अमोनाइटच असतात, हे मी वाचले होते, पण डोळ्यांना पटवून दिले ते काकूंनी.

करंगळीच्या नखाएवढा एक अमोनाइट मात्र सोन्यासारखा झळकत होता. शहापुरातल्या आमच्या नेहमीच्या सोनाराने तो कसोटीवर घासला, पण पिवळी रेघ उमटली नाही. मग फरशीच्या खरखरीत मागच्या बाजूवर घासून पाहिला तेव्हा हिरवट काळी रेघ आली. म्हणजे पायराइट, लोह आणि गंधक यांचे खनिज. तेव्हाच कोणाला तरी पुढचे विचारायला हवे होते. जुलैच्या झडीत आठवडाभर कपाटाला बुरशीचा वास येत होता, आणि डबी उघडली तेव्हा त्या अमोनाइटवर पांढरट पूड धरलेली, एक कड भुगा झालेली. दमट हवेत पायराइट असा आतून कुजतो, हे इथल्या एका निवृत्त भूशास्त्राच्या प्राध्यापकांनी सांगितले. उरलेला भाग त्यांच्या सांगण्यावरून सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवला आहे. फार वाईट वाटले, सुधीर. १९ कोटी वर्षे टिकलेली वस्तू माझ्या कपाटात एक पावसाळा काढू शकली नाही.

एक काळा, चपटा तुकडा अजून ओळखायचा राहिला आहे. भिंगातून त्यावर पावासारखी बारीक छिद्रे दिसतात, त्यामुळे प्राध्यापकांना तो हाडाचा वाटतो. पण मासा की सरपटणारा प्राणी, हे सांगणे त्यांना कठीण गेले. सोबत तिन्ही बाजूंची छायाचित्रे पाठवत आहे. आकार कळावा म्हणून शेजारी रुपयाचे नाणे ठेवले आहे, आणि तो कुठे व कोणत्या दिवशी सापडला ते मागे लिहिले आहे. पुण्यातल्या तुझ्या भूशास्त्राच्या मित्रांना ती अवश्य दाखव, आणि ते काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत कळव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक