काका, मला श्रुतिकेपासून वाचवा

संपादक महाशय,
स. न.

रविवारच्या पुरवणीत त्या कालपर्यटनाच्या श्रुतिकेवर अर्धं पान कौतुक वाचलं. मग नातवाने इअरफोन लावून दिले आणि श्रुतिकाही ऐकली, अगदी शेवटपर्यंत. पत्र तेव्हाच लिहायला बसलो होतो, पण सौ. म्हणाल्या, रागात लिहू नका, उद्या लिहा. आज सोमवार. राग आहे तिथेच आहे.

कल्पना झकास, हे आधीच कबूल करतो. तिकीट काढायचं, शतक निवडायचं, गाइडने छत्री उंच धरून पुढे चालायचं आणि मागून आपण. ती 'दीड वाजता परतीचा काळ सुटेल' ही घोषणा ऐकून मी एकटाच हसत बसलो. अडकित्त्याचा आवाज तर असा पकडलाय की सुपारीची आठवण व्हावी. पण तुमच्या समीक्षकांनी 'इतिहासाशी इमान राखणारी' असं जे लिहिलंय, तिथे घास अडकला.

सहल नेतात 30 ऑगस्ट 1773 ला, शनिवारवाड्यात. आणि ऐकू काय येतं? रातकिडे. घुबड. पहारेकऱ्याची 'होश्शियार'. अहो, नारायणराव पेशव्यांचा खून भरदुपारी झाला! सोमवार, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, गणपतीचे दिवस, दुपारी एकचा सुमार. थकलेल्या पगारासाठी ओरडा करत गार्दी, म्हणजे पगारी शिपाई, आत घुसले तेव्हा वाडा माणसांनी भरलेला होता. त्या कापाकापीत नुसते पेशवेच गेले नाहीत. वाड्यातली माणसं गेली, दासी गेल्या, एक गायही मारली गेली. आवाजावर चालणाऱ्या नाटकात गायीचं हंबरणं टाकून द्यायचं आणि घुबड आणायचं, याला काय म्हणावं?

शिवाय मागे सतत कारंज्याचा खळखळाट. हजारी कारंजं सवाई माधवरावांसाठी केलं असं सांगतात, आणि सवाई माधवराव जन्मले 18 एप्रिल 1774 ला, बाप गेल्यावर साडेसात महिन्यांनी. म्हणजे पर्यटक पुढच्या काळातून मागे गेले ते ठीक, कारंजं कुणाच्या तिकिटावर आलं?

हे रात्रीचं खूळ कुठून आलं ते मला विचारा. जन्म शनिवार पेठेत गेला. दर पौर्णिमेला वाड्यातून 'काका, मला वाचवा' ऐकू येतं, हे आम्ही पाढ्यांच्या आधी शिकलो. अकरा वर्षांचा असताना मी आणि दोन चुलतभाऊ, मोठी माणसं झोपल्यावर एकच गोधडी घेऊन नारायण दरवाज्याबाहेर जाऊन बसलो. दगड गार पडलेला, धाकट्याचे दात वाजत होते आणि तो थंडीने वाजतात म्हणून शपथा घेत होता. एक कुत्रं येऊन आमच्याकडे बघून गेलं. तासाभराने खरोखरच हाक आली. अंगातलं रक्त गोठलं. हाक पुन्हा आली, "कुठं मेलात रे कार्ट्यांनो!" बॅटरी घेतलेले, धोतर वर खोचलेले आमचे सख्खे काका. त्यांच्या दुसऱ्या हातात काय होतं ते सांगत नाही, त्याचा एक पाय घरी राहिला होता एवढंच लिहितो. त्या भिंतीशी अलीकडच्या काळात 'काका' म्हणून कुणी किंकाळी फोडली असेल, तर ती मी.

तेव्हापासून आजतागायत घरी येणारा प्रत्येक पाहुणा चहाचा कप खाली ठेवून विचारतो, "काय हो, आवाज येतो का?" रात्री दोनला वाड्यासमोर मोटारसायकली थांबवून पोरं स्वतःच किंचाळतात आणि फोनवर चित्रित करतात. आता तुमचं परीक्षण वाचून आणखी येतील, इअरफोन लावून येतील. आणि ज्या काकांना ती हाक, त्या राघोबांना तर दादासाहेब म्हणत. जीव जाताना पोरगं काका म्हणालं की दादा, कुणी ऐकलंय? वय अठरा होतं हो त्याचं.

'ध' चा 'मा' हा श्रुतिकेचा कळस, असं समीक्षक म्हणतात. राघोबांच्या पत्नी आनंदीबाई हुकमाच्या चिठ्ठीवर कुरकुर लेखणी ओढतात आणि तोंडाने सांगतात, "हा ध गेला, हा मा आला." गुन्हा करताना मोठ्याने समालोचन करणारी दुसरी बाई मला माहीत नाही. निवृत्तीनंतर मी मोडी, म्हणजे तेव्हाची लिहायची लिपी, शिकलो. मोडीत आधी कागदभर आडवी रेघ ओढतात, मग तिच्याखाली अक्षराला अक्षर जोडत, शब्दांत जागा न सोडता, लेखणी होता होईतो न उचलता जातात. वर्गात आमच्या सरांनी गंमत म्हणून 'धरावे' चं 'मारावे' करायला सांगितलं होतं. माझ्या कागदावर शाईचा कावळा बसला. बाईंना जमलंही असेल, पण ती चिठ्ठी आजवर कुणी दाखवलेली नाही. न्यायाधीश रामशास्त्र्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितलं ते राघोबांना.

अक्षर बदलल्याची ही हकीकत ग्रँट डफच्या 1826 च्या मराठ्यांच्या इतिहासात आहे. खुनानंतर 53 वर्षांनी छापलेली, पण आपण ती घट्ट धरून ठेवली. आणि चापाजी टिळेकर? तोही डफने लिहिलाय. हातात शस्त्र नसलेला नोकर, धावत धन्यापाशी आला आणि धन्याने त्याच्या गळ्याला मिठी मारली. दोघं एकत्रच कापले गेले. त्याच्या नावाचं भूत कुणाला ऐकू येत नाही. दोन तास वीस मिनिटांच्या श्रुतिकेत त्याला एक वाक्यही नाही, आणि छत्रीवाल्या गाइडला गाणं आहे! मी तिथे थांबवून पुन्हा मागे नेऊन ऐकलं, म्हटलं आपलंच लक्ष चुकलं असेल. नाही. नाहीच.

जाता जाता, 'ध' चा 'मा' तुमच्या कार्यालयातही होतो. गेल्या गणपतीत मी लिहिलं होतं, "ढोलपथकांच्या सरावाला वेळेचं बंधन नको, असं म्हणणाऱ्यांनी आमच्या घरी एक रात्र झोपून दाखवावं." आपण जागेअभावी 'नको' पर्यंतच छापलंत. दुसऱ्या दिवशी मंडळाची पोरं नारळ घेऊन घरी आली, पाया पडली, "आजोबा, तुमच्यासारखी माणसं पाहिजेत" म्हणाली. यंदा सराव माझ्या खिडकीखाली आहे. खुलासा पाठवला होता, तो अजून यायचाय.

तेव्हा हे पत्र कापायचंच झालं तर घुबड कापा, गाय राहू द्या. आणि चापाजीचं नाव नीट तपासून छापा.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
शनिवार पेठ, पुणे