कापसाच्या पट्टीत दुसऱ्याचा भाव शिरतो तो असा

संपादक महोदय,

कापसाचा हंगाम लागला की पट्टीवरची (विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठीवरची) रक्कम चुकल्याच्या तक्रारी ठरलेल्या. शेतकरी काटेवाल्याला धरतो, काटेवाला ऑपरेटरकडे बोट दाखवतो आणि ऑपरेटर म्हणतो, 'कॉम्प्युटरनेच काढली.' जिनिंगवर किंवा सोसायटीत बरेचदा गावातल्याच पोरांनी लिहिलेले छोटे एसक्यूएल (डेटाबेसशी बोलायची भाषा) प्रोग्राम चालतात. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, त्यांना चांगली लिहिता येते. तिचे उत्तर पुढच्या हिशेबासाठी कुठे आणि कसे ठेवायचे, तिथे घोळ होतो. तालुक्याच्या क्लासमध्ये सिलेक्ट, व्हेअर, जॉइनवर महिने जातात, या भागाला मात्र एखादा तास. म्हणून हे पत्र.

(खालची नावे छपाईसाठी देवनागरीत दिली आहेत. प्रोग्राममध्ये ती रोमन अक्षरांतच ठेवावीत.)

नेहमीचा प्रोग्राम लूप फिरवून एकेक शेतकरी घेतो, त्याच्या कापसाचा प्रकार बघतो आणि दरपत्रकातला भाव व्हेरिएबलमध्ये (एक किंमत ठेवायच्या जागेत) ठेवतो. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरवर ती ओळ बहुधा अशी असते:

सिलेक्ट @भाव = दर फ्रॉम दरपत्रक व्हेअर प्रकार = @प्रकार

दरपत्रकात जुळणारी ओळ सापडली नाही तर @भाव रिकामा होत नाही. आधीच्या शेतकऱ्याचा भाव त्यात तसाच बसून राहतो. एरर येत नाही, साधी सूचनाही नाही. 2025-26 चा हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागे 8110 रुपये आणि मध्यम धाग्याला 7710 रुपये. लांब धाग्याच्या 18.40 क्विंटलच्या नोंदीत प्रकार भरायचा राहिला आणि त्याच्या आधीचा माल मध्यम धाग्याचा असला, तर शेतकरी 7360 रुपयांना बुडाला. क्रम उलटा असेल तर तेवढीच रक्कम जास्तीची जाते आणि ऑडिटमध्ये ऑपरेटरच्या अंगावर येते.

तीच ओळ सेट @भाव = (सिलेक्ट दर ...) अशी लिहावी. ओळ सापडली नाही तर @भाव नल, म्हणजे रिकामा, होतो, नलने गुणलेली रक्कमही नल, आणि पट्टी कोरी निघते. कोरी पट्टी कोणीतरी परत आणतोच. चुकीची पट्टी खिशात जाते. दरपत्रकात एकाच प्रकाराच्या दोन ओळी असल्या तर सेट एरर देतो, सिलेक्ट त्यातला कुठलातरी एक दर मुकाट्याने उचलतो. व्हेरिएबल लूपच्या आत डिक्लेअर केले की दर फेरीला कोरे मिळते, असे समजणारे पुष्कळ आहेत. तसे होत नाही; डिक्लेअर करतानाच '= नल' लिहावे लागते. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये 'सिलेक्ट ... इन्टू @भाव' लिहिले आणि ओळ नसली, तर तिथेही जुनाच भाव राहतो. वॉर्निंग येते, पण ती वाचतो कोण?

व्हेरिएबलचा प्रकारही (त्यात कसली माहिती बसणार ते) नीट लिहायला हवा. वजनासाठी नुसते 'डेसिमल' लिहिले तर एसक्यूएल सर्व्हर ते 18 अंकी आणि दशांशाविना धरतो. 18.40 चे 18 होतात, म्हणजे 40 किलो कापूस, 8110 च्या भावाने 3244 रुपये, बसल्या जागी गायब. डेसिमल(10,2), म्हणजे एकूण 10 अंक आणि त्यातले 2 दशांशानंतर, असे लिहा. तालुक्याच्या नावासाठी लांबी न देता 'एनव्हारचार' (मजकुराचा प्रकार) लिहिले तर 'दारव्हा' मधला फक्त 'द' उरतो, क्वेरीला एकही ओळ मिळत नाही आणि माणूस तासभर टेबल तपासत बसतो.

खरे तर हे काम लूपचे नाहीच. एकच किंमत ठेवायची असेल तर व्हेरिएबल, पुष्कळ ओळी ठेवायच्या असतील तर तात्पुरते टेबल. दिवसाची सगळी आवक दरपत्रकाशी लेफ्ट जॉइन (दर नसला तरी आवकेची ओळ ठेवणारी जोडणी) करून 'सिलेक्ट ... इन्टू #पट्टी' ने एकदम ठेवावी; # म्हणजे तात्पुरते टेबल. छपाईआधी त्यात 'व्हेअर दर इज नल' एवढे चालवले की भाव न लागलेली नावे समोर येतात. साधा जॉइन केला तर तीच नावे यादीतूनच गळतात, म्हणून लेफ्ट जॉइनच हवा. आवक आणि #पट्टी यांच्या ओळी मोजूनही पाहाव्यात; #पट्टीत जास्त भरल्या तर दरपत्रकात दुबार नोंद आहे.

तात्पुरते टेबल हाताने क्रिएट केले तर मराठी नावांच्या रकान्यांना एनव्हारचारच द्यावे, नाहीतर बहुतेक ठिकाणी नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची माळ दिसते. मूळ टेबलाशी जोडताना कोलेशनचा (अक्षरे जुळवण्याच्या नियमांचा) एरर आला तर रकान्यापुढे 'कोलेट डेटाबेस_डीफॉल्ट' लिहावे. सिलेक्ट इन्टूमध्ये हे दोन्ही मूळ टेबलातूनच येते. टेबल व्हेरिएबल (अख्खे टेबल ठेवणारे व्हेरिएबल) मेमरीत असते म्हणून वेगवान, हा समज मात्र खोटा. तेही टेम्पडीबीतच (सर्व्हरच्या तात्पुरत्या डेटाबेसमध्येच) जाते, आणि एसक्यूएल सर्व्हरच्या 2019 च्या आधीच्या आवृत्त्या त्यात एकच ओळ आहे असे धरून चालतात, त्यामुळे हजारो ओळींवर जॉइन रखडतो.

आपल्याकडची खास अडचण लाइनची. लाइन गेली किंवा नेट तुटले की कनेक्शन संपते आणि #पट्टी त्याच्यासोबत जाते. ती परत मिळवता येत नाही. तेव्हा नल तपासून झाले की छपाईची वाट न पाहता सगळ्या ओळी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळ्या जातील, नाहीतर एकही नाही, अशा) कायमच्या टेबलात टाकाव्यात आणि पट्टी तिथूनच छापावी. क्लासचालकांनी हा पाठ घ्यायला दरपत्रकातली एक ओळ मुद्दाम पुसून मुलांना जुना लूप चालवायला द्यावा.

– डेटाबेसचे काम करणारा एक वाचक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ