जादूच्या विद्यापीठाला धान्य कोण पुरवते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत कल्पित विश्वे कशी रचावीत याविषयीच्या लेखमालेचा पहिला भाग वाचला. नकाशा, राजवंश आणि चलन यांच्या बाबतीत लेखक जितके काटेकोर आहेत, तितकेच जादूच्या उच्च शिक्षणाच्या बाबतीत ढिले आहेत. एका थोर मांत्रिकाने डोंगरावर मनोरा बांधला, शिष्य जमले आणि पुढे हजार वर्षे तेथे तीच विद्या शिकवली जात राहिली, एवढ्यावर त्यांच्या नमुना-विश्वातील विद्यापीठाचा इतिहास आटोपतो. हजार वर्षांत एकाही अध्यापकाचे मानधन थकले नाही आणि एकाही निकालावरून भांडण झाले नाही, हे मंत्राने माणसाचा पोपट होण्यापेक्षा पटायला अवघड आहे.

खऱ्या विद्यापीठांचा इतिहास या कामी फार उपयोगी पडतो. सातव्या शतकात नालंदेला राहिलेल्या चिनी प्रवासी ह्युएन त्संगने लिहून ठेवले आहे की, बाहेरून वादसभेसाठी येणाऱ्यांना दारातच अवघड प्रश्न विचारले जात आणि दहांपैकी सात-आठ जण तेथूनच माघारी फिरत. त्याच्यानंतर आलेला चिनी भिक्षू इत्सिंग सांगतो की, नालंदेच्या ताब्यात दोनशेहून अधिक गावे होती. कल्पित विश्व रचणाऱ्याने या दुसऱ्या नोंदीपाशी जरा थांबावे. मनोऱ्यातले शेकडो शिष्य ज्या गावांचे धान्य खातात, त्या गावांत सलग दोन वर्षे पाऊस पडला नाही तर गावकरी मनोऱ्याच्या दारात येऊन काय मागतील? आणि आत आचार्यांचे दोन गट ‘मेघ मंत्राने येतो की मंत्रामागच्या संकल्पाने’ यावर वाद घालत बसले असतील, तर त्या गावकऱ्यांना उत्तर द्यायला कोणाला पाठवले जाईल? विद्यापीठाचा इतिहास खरे तर या दारातच सुरू होतो.

मुळात मनोऱ्याचीच कल्पना तपासून पाहायला हवी. मध्ययुगीन युरोपातील सुरुवातीच्या विद्यापीठांकडे स्वतःच्या इमारती जवळजवळ नव्हत्याच. अध्यापक भाड्याच्या खोल्यांत शिकवत आणि म्हणूनच ‘आम्ही गाव सोडून जातो’ ही त्यांची धमकी खरी ठरू शकत असे. 1209 मध्ये ऑक्सफर्डच्या नगरवासीयांनी एका स्त्रीच्या मृत्यूवरून काही विद्यार्थ्यांना फाशी दिले, तेव्हा अध्यापक आणि विद्यार्थी पांगले आणि त्यांतले काही केंब्रिजला जाऊन स्थिरावले. पॅरिसमध्ये 1229 साली दारूच्या गुत्त्यातील बिलावरून सुरू झालेली हाणामारी विद्यार्थ्यांच्या मृत्यूपर्यंत गेली, अध्यापकांनी शिकवणे बंद केले आणि 1231 मध्ये पोप नववा ग्रेगरी याने विद्यापीठाच्या अधिकारांना मान्यता देणारी सनद काढली, तेव्हा कुठे तो तंटा मिटला. इटलीतल्या बोलोन्यात तर अध्यापकांना विद्यार्थ्यांचे संघ नेमत आणि वर्गाला उशीर झाला तर अध्यापकालाच दंड करत. (आजच्या काही प्राध्यापकांना ही माहिती न आवडण्याची शक्यता आहे.) रुसून दुसऱ्या राज्यात निघून गेलेले मांत्रिक आणि त्यांच्या मागोमाग गेलेले शिष्य, एवढ्या एका घटनेतून दोन विद्यापीठांचे शतकानुशतकांचे वैर उभे करता येते. मनोऱ्याला मात्र जागेवरून हलता येत नाही.

लेखातील ‘निषिद्ध विद्या’ या प्रकरणाविषयीही थोडे लिहितो. तेथे काही मंत्र मुळातच काळे असल्यामुळे वर्ज्य ठरतात. ते वर्ज्य कोणी ठरवले, हा प्रश्नच लेखकाला पडत नाही. बोलोन्याच्या विद्यापीठात फलज्योतिष रीतसर शिकवले जाई. तरीही तेथे ते शिकवणाऱ्या चेक्को द’आस्कोलीला 1327 मध्ये फ्लॉरेन्समध्ये जाळण्यात आले. पॅरिसच्या बिशपने 1277 साली 219 विधाने निषिद्ध ठरवली, तेव्हा त्याच आदेशात भूतविद्येच्या ग्रंथांचाही निषेध केला. पुढे 1398 मध्ये त्याच शहरातील धर्मशास्त्राच्या अध्यापकांनी स्वतःहून जादूटोण्याविरुद्ध 28 कलमे मंजूर केली. याउलट पालवंशीय धर्मपाल राजाने स्थापन केलेल्या विक्रमशिला या बौद्ध विद्यापीठात तर्कशास्त्राच्या बरोबरीने तंत्राचेही अध्ययन चाले आणि तेथील द्वारपंडितांची, म्हणजे दारावर नेमलेल्या विद्वानांची, नावे तिबेटी परंपरेने आदराने जपली आहेत. म्हणजे एकीकडे जी विद्या माणसाला चितेवर नेऊ शकत होती, तशाच विद्येचा दुसरीकडे अभ्यासक्रमात समावेश होता. कल्पित विश्वातल्या निषिद्ध मंत्रांच्या यादीवरही कोणाची तरी सही असली पाहिजे, आणि सही करणाऱ्याचा प्रतिस्पर्धी नेमके तेच मंत्र शिकवत होता की काय, हेही कळले पाहिजे.

लेखमालेचा पुढचा भाग यायचा आहे. त्यात लेखकांनी त्या मनोऱ्याची एखाद्या दुष्काळी वर्षाची जमाखर्चाची वही वाचकांपुढे ठेवावी, अशी विनंती आहे. मंत्रांची यादी त्यानंतर आली तरी चालेल.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक