आईचे डोळे आणि न्हाणीतली चूल

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

गुरुवारी वायरमन येईल, त्याला परत पाठवू नका. न्हाणीत गीझर बसवायला सांगितलाय, पैसेही दिलेत. तुम्हाला न विचारता ठरवलं, ते मनाला खातंय. पण आई, विचारलं असतं तर तू "कित्याक उगाच खर्च?" म्हणून मोडता घातला असतास.

चतुर्थीला बघितलं ना मी. पहाटे फुंकणी घेऊन बसतेस, नारळाच्या ओल्या सोडणांचा धूर सगळा तोंडावर, आणि पदराने डोळे चोळत राहतेस. 'रेव गेल्यासारखी वाटता' म्हणालीस. इथल्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, डोळे कोरडे पडत असतील. पाणी वाहतंय तर कोरडे कसे, असं मलाही वाटलं होतं. त्यांनी सांगितलं, डोळा कोरडा पडून टोचायला लागला की भसाभस पाणी सोडतो. पण अश्रूंवरचा तेलाचा पातळ थर कमी पडला तर ते टिकत नाही, उडून जातं. धुराने आणखी चुरचुरतं. चूल मोडायची नाहीये गं. दिवाळीची पहिली आंघोळ तिच्यावरच्या पाण्याने, फक्त पेटवेन मी. एरवीही पाणी तसंच कढत मिळेल, बाबांना दोन बादल्या.

माझ्या डोळ्यात कुसळ गेलं की तू पदराचा बोळा करून, तोंडाची वाफ देऊन डोळ्यावर धरायचीस. तेच आता स्वतःला कर. स्वच्छ फडकं कोमट पाण्यात पिळून मिटल्या डोळ्यांवर दहा मिनिटं ठेवायचं, थंड झालं की पुन्हा बुडवायचं. पापण्यांच्या कडेला साकळलेलं तेल त्याने सुटतं. चटका बसेल इतकं गरम नको. आणि चोळायचं नाही म्हणजे नाही. मध, गुलाबपाणी, एरंडेल, कुणी काहीही सांगो, डोळ्यात घालायचं नाही.

बाबा, माशाच्या तेलाच्या गोळ्या मागवू नका. अमेरिकेत कोरड्या डोळ्यांच्या लोकांना वर्षभर रोज ३ ग्रॅम देऊन बघितलं. २०१८ साली निकाल आला, ऑलिव्ह तेलाच्या गोळ्यांपेक्षा जास्त गुण नाही. त्यापेक्षा बांगड्याचं तिखलं, पेडवे करा, खा. शेवग्याचा पाला अष्टमीपुरताच कशाला? परसात झाड आहे, आठवड्यातून एकदा खोबरं घालून होऊ दे.

तुमचा मोबाईलही बघितलाय मी. माणूस एरवी मिनिटाला साधारण १५ वेळा पापण्या मिटतो, स्क्रीनपुढे निम्म्याहूनही कमी. वीस मिनिटं झाली की पडवीतून माडांच्या शेंड्यांकडे बघा, पापण्या पूर्ण मिटा. रात्री पंख्याचा झोत तोंडावर नको, खाट भिंतीकडे सरकवा. आईची सर्दीची गोळी डोळे कोरडे करणारी आहे का, हे डॉक्टरांना विचारा; आपणहून बंद करू नका. डोळा लाल होऊन दुखला किंवा अंधुक दिसलं तर त्याच दिवशी कुडाळला जायचं. "बघूया उद्या" नको.

आई, रागावली असशील तर फोनवर बोल, मी ऐकेन. पण गुरुवारी दार उघड. गीझरचं बटण कुठलं ते बाबांनी त्यावर खडूने लिहून ठेवावं.

तुमची,
बाय