पूल वर आला

चौल,
जुलै संपत आला

प्रिय पद्या,

हस. आधी पोटभर हसून घे, मग पुढचं वाच. पोहायचा पूल वर आला.

परवा रात्रभर कोसळत होता. सकाळी चहा घेऊन मागच्या दारी गेलो, तर सुपारीकडचा कोपरा जमिनीतून सात इंच वर. टेप लावून दोनदा मोजलं. पाइप उपटून बाहेर आलाय आणि अख्खा पूल ओहोटीला कललेल्या होडीसारखा तिरका उभा आहे. नऊ महिने तुला फोन केला नाही. तब्येत बरी, शुगर आहे तिथेच. पण हे दुसऱ्या कुणाला सांगू? हिला दाखवलं तर म्हणाली, "भावजी म्हणाले होते ना?" तेव्हापासून घरात गरजेपुरतंच बोलणं चालू आहे.

दिवाळीत ओटीवर बसून तू पाकिटाच्या पाठीवर हिशेब केलास ना, ते पाकीट मी फेकलेलं नाही. 30 बाय 15, साडेचार फूट खोल. जमिनीतलं पाणी काठाला आलं की खालून 70 टनांचा रेटा, आणि सहा इंची तळ नि भिंती मिळून वजन जेमतेम 32. "पावसात रिकामा ठेवलास तर तरंगेल." त्यावर मी धरणं बांधणाऱ्याने हौदात नाक खुपसू नये म्हणालो, वर तुझ्या कालव्याला पडलेल्या भगदाडाचा विषय काढला. तो काढायला नको होता. तूही माझ्या दहावीच्या गणितापर्यंत जायला नको होतं, पण ते असो.

पूल हवा कशाला, असं तू तेव्हाही विचारलंस. अरे, 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने वाडी झोपवली, तेव्हा तूच आडवी झाडं मोजायला आला होतास. नवी सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात, तोवर खायचं काय? दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला काढल्या. मुंबईचा फोन आला की पहिला प्रश्न, "पूल आहे का?" समुद्र दहा मिनिटांवर आहे म्हटलं की फोन बंद.

ठेकेदार माणूस गोड. कोटेशन 9 लाख, वर 18 टक्के जीएसटी, आणि "बिल नको असेल तर तेवढे वाचतील साहेब." 40 टक्के आगाऊ, 30 भिंती झाल्या की, 20 टाइल्सला, 10 शेवटी. करारबिरार काही नाही, ते एक पानी कोटेशनच. मार्चपर्यंत तळ आणि भिंती उभ्या राहिल्या, माझे 6 लाख 30 हजार गेले आणि त्याची माणसं होळीला गावी गेली. परतली अक्षय्य तृतीयेनंतर, तीही दोनच. दोघांना एकच थापी.

जमिनीतलं पाणी आत सोडून रेटा कमी करणाऱ्या, तू सांगितलेल्या तळातल्या व्हॉल्व्हचं विचारलं, तर म्हणाला, "ते फॉरेनला लागतं." बाजूला खड्डा खणून पंप ठेवायचे 18 हजार जादा सांगितले. ते मात्र मीच वाचवले. हे हिला ठाऊक नाही, तूही बोलू नकोस. मेअखेरीस म्हटलं, निदान पाणी तरी भरून ठेवतो. तर वॉटरप्रूफिंगच्या आधी भरलंत तर गॅरंटी देणार नाही म्हणाला. मी गॅरंटीला घाबरलो. पाऊस काही घाबरला नाही.

आता रोज नवा उपाय. "पाऊस ओसरला की आपोआप बसेल." बसेल कसा? पूल उचलला गेला तिथे खाली वाळू शिरलीय, हे मला दहावीच्या गणितावरही कळतं. काल म्हणाला, बारा माणसं उभी करून दाबू. आज म्हणतो टाइल्सचे 20 टक्के द्या, टाइल्स बसल्या की वजन वाढेल.

आणखी एक आहे. तीन पानं झाली, तेच लिहायचं टाळतोय. खणलेली वाळू टाकायला जागा नव्हती. जेसीबी तासावर. तो म्हणाला, ती जुनी बाव वापरात नाही ना? मी आत आलो. हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही, आत येऊन पंख्याखाली बसलो. बाहेर आलो तेव्हा अर्धी बुजली होती, दुपारपर्यंत सपाट. दोन असोले नारळ काथ्याने बांधून अण्णांनी आपल्याला तिच्यात सोडलं होतं, आणि तुझी गाठ सुटली तेव्हा रहाटाची माळ धरून तू रडत होतास. तू अजूनही म्हणतोस गाठ मी सोडली. हो, मीच सोडली होती. रहाटाखालचा दगड तेवढा बाजूला काढून ठेवलाय. त्यावर कपडे वाळतात.

वहिनींचा गुडघा कसा आहे? धाकटी जर्मनीत रुळली का? तुझ्या निवृत्तीच्या समारंभाला आलो नाही. कारण होतं, पण खरं नव्हतं.

पाऊस थोडा उघडला की ये. एसटी रेवदंड्याला थांबते, मी घ्यायला येईन. हिने तुझ्यासाठी फणसाची साटं वेगळी काढून ठेवलीत, माझ्यासाठी नाहीत.

तुझा,
नंदू

ता. क. काल रात्रभर बोअरची मोटर चालवून पूल भरला, साधारण 53 हजार लिटर. आणखी वर तरी येणार नाही, बरोबर ना? पाणी एका काठाला टेकलंय, दुसरीकडे सात इंच खाली. आत्ताच ठेकेदाराचा फोन आला. पाणी भरलंत, म्हणजे गॅरंटी गेली.